सुवार्ताच्या डब्यातल्या बांगड्या

मंडळी, ऐका! आणि पुढं बसलेल्या माझ्या छोट्या मंडळींनो, तुम्ही जरा जास्तच ऐका, कारण आजचा प्रश्न आधी तुम्हालाच आहे. सांगा पाहू, सुंदर बाई कशी असते?

हं, ही चिमणी म्हणते, "गोरी!" बरं. तो म्हणतो, "लांब केसांची!" छान. आणि तू गं, दोन वेण्यांची? काय म्हणालीस? मोठ्यानं बोल, लाजू नकोस. "माझ्या आईसारखी!" वा गं वा! कुठं बसल्यात या लेकीच्या आई? बाई, आज घरी गेल्यावर हिला शिरा करून घाला. विसरलात तर मी विचारायला येईन!

आता मोठ्यांना विचारतो. तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. "बुवा, खरं सौंदर्य अंतःकरणाचं!" बघा, लगेच माना हलल्या! साधा वेश, सौम्य मन, शांत जीभ... सगळं तुम्हाला ठाऊक. मग माझा खरा प्रश्न ऐका. सौंदर्य जर आत आहे, तर ते तुम्हाला दिसलं कसं? चेहरा दिसतो. साडी दिसते. आतलं कुठल्या खिडकीतून पाहिलंत?

आणि जी व्यक्ती म्हणते ना, "मला बाई बघितली की तिचं आतलं एका नजरेत कळतं," तिच्यावर माझा संशय आहे! होय, संशय! ती इथंच कुठंतरी बसली आहे. कथा संपेपर्यंत कोणी कोणाकडे बघायचं नाही. अहो मावशी, बघायचं नाही म्हटलं ना!

पेटीवाले, धरा सूर. झांज हळू.

रूप दिसे डोळां, मन दिसे कोणा?
अंतरीच्या खुणा तूच जाणे!

तर मंडळी, कासारटेंभी नावाचं एक गाव. गावाच्या कडेला आपलं ख्रिस्ती मंडळीचं छोटंसं देऊळ, वर पत्र्याचं छप्पर, बाजूला चिंच. त्या मंडळीत एक बाई होती, तिचं नाव सुवार्ता. काय सुंदर नाव! बापानं मोठ्या हौसेनं ठेवलेलं. नवऱ्याचं नाव प्रभुदास. तो ट्रॅक्टर चालवायचा. एका तापाचं निमित्त झालं आणि प्रभुदास गेला. मूलबाळ नाही. घरात उरल्या दोघी: सुवार्ता आणि तिची सासू, रिबेकाआजी. आजींची दृष्टी गेलेली, आणि हळूहळू आठवणही चाललेली.

सुवार्ता दिवसा अंगणवाडीत मदतनीस. आणि रविवारी उपासनेच्या आधी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा वर्ग, तो तिच्याकडे. मुलांनो, ती वर्ग कसा घ्यायची सांगू? योना माशाच्या पोटात गेला म्हटलं, की ही सगळ्या पोरांना एका मोठ्या सतरंजीखाली घालायची! आत अंधार, किलबिल, एकाचं कोपर दुसऱ्याच्या नाकात! मग म्हणायची, "आता सांगा, योनाला कसं वाटलं असेल?" त्या पोरांना योना जन्मात विसरायचा नाही. तिला स्वतःचं मूल नव्हतं. आठवडाभर ती त्या सकाळची वाट बघायची. हे लक्षात ठेवा, कारण पुढं हाच वर्ग तिच्या हातून जायची वेळ येणार आहे.

बरं, दिसायला कशी होती? अगदी चारचौघींसारखी. विटकी साडी, डोक्यावर पदर, मोकळे हात, बिनफुलाचे केस. विधवेनं जसं राहायचं म्हणतात, तसंच. कोण म्हणतं? सगळे म्हणतात! आता मी म्हातारा तुम्हाला विचारतो, विधवेनं बांगडी घालू नये हे आपल्या प्रभूनं कधी सांगितलं? दाखवा मला! नाही सापडायचं. ते आपण बाप्तिस्म्याच्या आधीच्या गाठोड्यातून बरोबर आणलंय, आणि आता ते पवित्र समजून मिरवतोय. पण असो. सुवार्ता त्याप्रमाणे राहत होती. कोणाला बोट दाखवायला जागा नव्हती.

आणि मग एक दिवस तिनं काय केलं? आंधळ्या सासूला उचललं आणि तालुक्याच्या गावी म्हाताऱ्यांच्या आश्रमात नेऊन ठेवलं!

झालं! गावाला कारण मिळालं!

"पाहिलंत? नवरा गेला, सासू जड झाली!"

"प्रार्थनेला डोळे मिटून किती वेळ बसते, आणि घरात ही करणी!"

या बोलण्यात पुढे कोण होतं? तबिथाबाई बोर्डे. महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळी, तबिथाबाई वाईट नव्हत्या हं! कोणी आजारी असो, कोणाकडे मयत होवो, तबिथाबाई सगळ्यांच्या आधी हजर. सांत्वनाची प्रार्थना करावी तर त्यांनीच! आवाज असा, की शेजारच्या गल्लीतली माणसंसुद्धा रडायची. आणि राहणी? एकदम साधी. गळ्यात बारीकसा क्रूस, बस्स. केसात फूल नाही, काठाला जर नाही. त्या साधेपणाला त्या इतक्या जपायच्या, इतक्या जपायच्या, की दुसरी बाई दागिना जपत नसेल! समजलं का मी काय म्हणतोय? कुणाकुणाला समजलंय. मला चेहऱ्यावरून दिसतंय.

आता ऐका. तबिथाबाईंच्या भावाची बायको, राहेलवहिनी, एका गुरुवारी तालुक्याला गेली होती. संध्याकाळी आली ती धापा टाकतच.

"वन्सं! अहो वन्सं! दार लावा आधी!"

"काय झालं गं? पाणी तरी पी."

"पाणी राहू द्या. मी आज सुवार्ताला पाहिलं. एसटी स्टँडवर. नळापाशी."

"मग? तोंड धूत असेल."

"तोंड धूत होती, खरं! पण मग पिशवीतून जेवणाचा डबा काढला. मी म्हटलं, भाकरी खाईल. तर डब्यात काय? हिरव्या बांगड्या! काचेच्या! दोन्ही हातांत भरल्या. मग बाहेरच्या फुलवाल्या बाईकडून मोगऱ्याचा गजरा घेतला आणि माळला. केस विंचरून, चापूनचोपून! आणि गेली की बाजाराच्या मागच्या गल्लीत."

"तू मागं नाही गेलीस?"

"माझी गाडी लागली होती ना!"

तबिथाबाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "गाडी पुढची मिळाली असती, वहिनी."

अरेरे! मंडळी, बातमीला बस लागत नाही. दुसऱ्या दिवशी गावभर झालं. दर गुरुवारी जाते! जाताना मोकळे हात, तिकडं हिरवे हात, येताना पुन्हा मोकळे! आश्रमाचं नुसतं निमित्त! कोण असेल तो? दुकानदार असेल. नाही, ड्रायव्हर असेल. नाही हो, लग्नाचा असणार, नाहीतर लपवील कशाला? बघा हं, एकही माणूस कोणी पाहिला नव्हता, पण त्याचा धंदा ठरला, त्याची बायकोसुद्धा ठरली! आता त्याला मिश्या होत्या की नाही एवढंच ठरायचं बाकी होतं.

हसताय? तुम्ही त्या गावात असता तर काय केलं असतं? खरं सांगा, संशयाला जागा होती की नव्हती? मला विचाराल तर होती! बाई लपवत होती, हे खरंच होतं.

महिला मंडळाची सभा भरली. त्या दिवशीचा पाठ कोणता? अंतरीचं सौंदर्य! आणि पाठ घेणार कोण? तबिथाबाई! त्या बोलायला लागल्या. फुलांवर बोलल्या, बांगड्यांवर बोलल्या, वरून साध्या आणि आतून रंगेल अशा बायकांवर बोलल्या. प्रत्येक वाक्य खोलीभर फिरून सुवार्ताच्याच मांडीवर येऊन बसत होतं. शेवटी राहेलवहिनीला राहवेना. सुवार्ताच्या पिशवीतला डबा तिनं उचलला आणि फटकन उघडला.

हिरव्या बांगड्या. आणि खाली वाळलेला गजरा.

मोगऱ्याचा वास खोलीत पसरला.

"हे काय गं सुवार्ता?" तबिथाबाईंनी विचारलं. "कोणासाठी घालतेस?"

सुवार्ता उभी राहिली. म्हणाली, "काकू, मी वाईट काही केलेलं नाही. याहून जास्त मला विचारू नका."

"का विचारू नको? चांगलं असेल तर सांगायला काय जातं तुझं?"

"विचारू नका, काकू. पाया पडते."

मंडळी, गप्प राहणारा माणूस सगळ्यांना चोरच वाटतो! बायका उठल्या आणि पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेब भला माणूस, पण मऊ. त्यांनी सुवार्ताला बोलावलं. म्हणाले, "बाई, या रविवारी प्रभुभोजन आहे, सगळी मंडळी मेजापाशी भाकर घ्यायला येणार. मंडळीत इतकं बोललं जातंय. मला काहीतरी उत्तर दे. नाहीतर तुला मेजापाशी येऊ देता येणार नाही, आणि मुलांचा वर्गही दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल."

वर्ग म्हटल्याबरोबर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण काय म्हणाली? "द्या, पाळकसाहेब. पण मुलांना ओरडणारं कोणी नको." आणि निघून गेली.

बघा! वर्ग सोडला, पण तोंड उघडलं नाही. आता तुमचासुद्धा संशय वाढला ना? माझाही वाढला असता! एवढं काय आहे, की जे बाई जीव गेला तरी सांगत नाही?

तबिथाबाई म्हणाल्या, "आता मी स्वतः बघते."

त्याच आठवड्यात गुरुवारी सुवार्ता एसटीत चढली. मागून तबिथाबाई चढल्या. पदर नाकापर्यंत! एका माणसाच्या टोपलीत कोंबड्या होत्या, त्या टोपलीमागं जाऊन बसल्या. वाटभर एक कोंबडी त्यांच्या पदराला चोच मारत होती आणि महिला मंडळाच्या अध्यक्षांना हूं का चूं करता येत नव्हतं! अंतरीच्या सौंदर्याचा शोध घ्यायला निघाल्या होत्या ना!

स्टँड आला. नळ. डबा. बांगड्या. गजरा. सगळं राहेल म्हणाली तसंच! सुवार्ता बाजाराच्या मागच्या गल्लीत वळली. तबिथाबाई मागोमाग. एक वळण, दुसरं वळण... आणि एका फाटकात सुवार्ता शिरली. तबिथाबाई भिंतीला लागून पुढं गेल्या. खिडकी उघडी होती. आतून बाईचं हसणं ऐकू आलं!

'सापडली!' त्या मनात म्हणाल्या, आणि खिडकीतून आत डोकावल्या.

मंडळी, आत खाटेवर रिबेकाआजी बसल्या होत्या.

तो म्हाताऱ्यांचा आश्रमच होता! आजी हसत होत्या. सुवार्ता त्यांच्यापुढं गुडघ्यांवर बसलेली, मान खाली घालून. आणि त्या आंधळ्या म्हातारीची बोटं तिच्या केसांवरून फिरत होती. गजरा लागला, तशी बोटं थांबली. मग खाली मनगटावर आली. बांगड्या चाचपल्या, जरा किणकिणवल्या.

"आलीस का गं सुनबाई? फुलं ताजी आहेत. माझा प्रभुदास कुठं आहे?"

खिडकीबाहेर तबिथाबाईंनी कान टवकारले. आता ही काय सांगणार?

सुवार्ता म्हणाली, "बापाच्या घरी आहेत, आत्या."

"अजून बापाच्या घरीच? शेतावर काम निघालं असेल. जेवणाखाण्याचं बघतं ना कोणी?"

"काही कमी नाही त्यांना तिथं."

"मग बरं," म्हणाल्या आजी. "येऊ दे सावकाश. आपण दोघीच जाऊ त्याच्याकडे."

"जाऊ, आत्या."

मुलांनो, सांगा मला. सुवार्ता खोटं बोलली का? बापाच्या घरी... कोणाच्या बापाच्या? शाब्बास, त्या कोपऱ्यातल्या मुलीनं वर आभाळाकडे बोट दाखवलं, तिला बरोबर कळलं! मोठ्यांनो, तुम्ही घरी जाऊन यावर वाद घाला. मी मात्र त्या बाईला खोटारडी म्हणायला धजत नाही.

तर तबिथाबाई खिडकीशी तशाच उभ्या. तेवढ्यात आश्रमाची नर्स बाहेर आली. म्हणाली, "कोण हो तुम्ही? आजींच्या गावच्या का?"

"हो. भेटायला आले. जरा प्रार्थना करीन म्हणते..."

नर्सनं त्यांचा हातच धरला. "नको बाई! त्यांच्या सुनेनं बजावून ठेवलंय, गावचं कोणी आलं तर आधी तिला विचारायचं. आजींना आठवण राहत नाही. गावात असताना रोज बायका सांत्वनाला यायच्या. प्रार्थना करायच्या, की देवा, या माउलीचा एकुलता एक मुलगा तू नेलास, हिला धीर दे. आजी आदल्या दिवशीचं विसरलेल्या असायच्या! त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं. रोज! रोज त्यांचा मुलगा नव्यानं मरायचा. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. इथं आणल्यावरही एकदा सुनेच्या मोकळ्या हातांना हात लागला, तर 'कोण गेलं गं, कोण गेलं' म्हणून रात्रभर ओरडल्या. तेव्हापासून ती बांगड्या घालून येते. आता आजी जेवतात. हसतात."

तबिथाबाई खिडकीपासून मागं सरल्या. रोज कोण जात होतं प्रार्थनेला? त्याच! आजींनी हंबरडा फोडला, की त्यांना वाटायचं, आज प्रार्थना हृदयापर्यंत पोहोचली! घरी जाऊन सांगायच्या, "आज म्हातारी पोटभर रडली, बरं वाटलं असेल बिचारीला." मंडळी, ही चूक आपल्याच लोकांची हं! दुःखाच्या घरी धावून जायची ही आपली किती चांगली रीत. आणि त्या चांगल्या रीतीनंच त्या म्हातारीचं काळीज दररोज फाडलं.

सुवार्ता बाहेर आली. समोर तबिथाबाई! तिचा हात आपोआप बांगड्यांवर गेला.

"काकू... आत नाही ना गेलात?"

बघा! 'मला पकडलंत का' असं नाही विचारलं. तिला काळजी कोणाची होती?

"नाही गेले," तबिथाबाई म्हणाल्या. "पण मला का नाही सांगितलंस गं? सभेत मी तुला काय काय बोलले! तेव्हा तरी सांगायचंस!"

"काय सांगू, काकू? तुम्ही इतक्या प्रेमानं येत होतात. उन्हातान्हात. तुम्हाला कसं सांगू, की तुमच्या प्रार्थनेनं आत्याचा जीव चाललाय? आणि सभेत सांगितलं असतं तर सगळ्यांपुढं तुमचं नाव आलं असतं. आणि..." ती जराशी हसली. "सगळं मंडळ दुसऱ्या दिवशी इथं सांत्वनाला आलं असतं!"

तबिथाबाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्या गल्लीत, कोणाच्या तरी वाळत घातलेल्या गोधड्यांच्या आड, महिला मंडळाच्या अध्यक्ष लहान पोरीसारख्या रडल्या.

आता येतो रविवार. प्रभुभोजनाचा रविवार. देऊळ भरलेलं. मुलांच्या सतरंजीवर दुसरी कोणी शिकवायला बसलेली, पोरं हिरमुसलेली. सुवार्ता सगळ्यांत मागं, दारापाशी. पाळकसाहेब म्हणाले, "भाकर मोडण्यापूर्वी एक गोष्ट. सुवार्ताबाईंच्या बाबतीत कोणाला काही सांगायचं आहे का?"

तबिथाबाई उठल्या. सगळ्या बायका सरसावून बसल्या. राहेलवहिनीनं कानावरचा पदर मागं घेतला. आता कळणार! दुकानदार की ड्रायव्हर?

मंडळी, तबिथाबाईंची अडचण लक्षात येतेय का? खरं सांगावं, तर सुवार्ता सुटते. पण उद्या अर्धं गाव आजींच्या खाटेभोवती उभं राहतं! न सांगावं, तर सुवार्ता अडकते. आणि पुढं पाळकसाहेब, हातात भाकर.

तबिथाबाई म्हणाल्या, "मी तिच्या मागं गेले होते. चोरून गेले होते. माझ्या डोळ्यांनी सगळं पाहिलं. ही बाई निर्मळ आहे. आज मेजापाशी कोणी जाऊ नये असं असेल, तर मीच जाऊ नये. मी तिचा अपराध केलाय, आणि त्याच्याही आधी एका आंधळ्या जिवाचा केलाय."

"म्हणजे काय, वन्सं?" राहेलवहिनी तिथंच उठली. "काय पाहिलंत ते तरी सांगा! बांगड्या कोणासाठी?"

"याहून जास्त विचारू नका."

देवळात कुजबुज झाली. जी नजर सुवार्तावर होती ना, ती सरकली. कुठं? तबिथाबाईंवर! "हिला काहीतरी दिलंय!" "दोघी सामील आहेत!" ज्या बायका काल त्यांच्यापुढं मान हलवत होत्या, त्यांनी साड्या आवरून घेतल्या. तबिथाबाईंनी हे सगळं ऐकलं. एरवी त्यांनी अशा बोलण्याची गय केली असती? त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या, आणि गप्प राहिल्या.

मग मागून सुवार्ता चालत आली. सगळ्या रांगांमधून. तबिथाबाईंचा हात धरला, आणि त्यांना मेजापाशी घेऊन गेली. पाळकसाहेबांनी दोघींकडे पाहिलं, आणि काही न विचारता आधी त्या दोघींसाठी भाकर मोडली. मऊ माणूस, पण त्या दिवशी बरोबर वागला. पुढच्या रविवारी सतरंजीखाली पुन्हा किलबिल सुरू झाली!

गावाचा संशय मात्र गेला नाही. पुढं दर गुरुवारी दोघी एसटीत चढायच्या, आणि लोक म्हणायचे, "आता म्हातारपणी हिलाही नटायला शिकवलं!" तबिथाबाई आजींच्या खाटेपाशी नुसत्या बसायच्या, पाय चेपायच्या. आजी विचारायच्या, "ही मुकी बाई कोण गं?" सुवार्ता म्हणायची, "मैत्रीण आहे माझी." रिबेकाआजी आता स्वतःच बापाच्या घरी गेल्या. म्हणून तबिथाबाईंनी मला ही कथा सांगायची मोकळीक दिली. म्हणाल्या, "बुवा, माझं नाव बदलू नका."

आता मंडळी, मी तुमच्याकडे वळतो. बहिणींनो, आणि भावांनो, तुम्हीही मिश्या पिळू नका! सुवार्ताचं सौंदर्य गावाला कधी दिसलं? दिसलंच नाही! गजऱ्यात नव्हतं, विटक्या साडीतही नव्हतं. दुसऱ्याच्या चुकीवर तिनं आपली अब्रू पांघरूण म्हणून घातली, तिथं ते होतं, आणि तिथं फक्त प्रभूची नजर पोहोचत होती. ज्यांना संशयच घ्यायचा आहे त्यांनी जरूर घ्यावा. पण जवळच्या माणसापासून सुरुवात करावी. सगळ्यांत जवळचं कोण? माझी साधी साडी मी कोणाला दाखवायला नेसते? माझी प्रार्थना मी कोणाला ऐकवायला करते? घ्या संशय!

आणि शेवटचं विचारतो. मघापासून मी तबिथाबाई, तबिथाबाई म्हणतोय, तेव्हा तुमच्या मनात कोणाचं नाव आलं? खरं सांगा. शेजारणीचं? जावेचं? मंडळातल्या कोणाचं? "अगदी आमच्या अमकीसारखी!" असं वाटलं ना?

मग ही कथा अजून तुमच्यापर्यंत पोहोचलेली नाही. ते नाव पुसा, आणि तिथं स्वतःचं घाला. घातलंत?

आता म्हणा, आमेन!